कपाटाचा आकडा बेटावर

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता शुभदाताईंचं कपाट ट्रर्रर्र करून वाजायला लागलं.

पुण्याहून कालच आलेली त्यांची नणंद गौरी चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत धावली. "वहिनी, कपाट का वाजतंय?"

"आकडा चुकला," शुभदाताई म्हणाल्या. "तीनदा. पण चुकायला नको होता. जानेवारीत सांगितला तोच लावला मी."

कपाट शुभदाताईंच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, लोखंडी. कुलूप मात्र नवऱ्याच्या, वासुदेवरावांच्या हातचं. सत्त्याऐंशी साली कॉलनीत चोऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा त्यांनी ते बसवलं. बेंगळुरूतल्या जालहळ्ळीच्या त्या कॉलनीत तेव्हा मे महिन्यातही पंखा लागत नसे आणि सगळी घरं कारखान्यात रडार जुळवणाऱ्या इंजिनियरांची होती, त्यामुळे साधं कुलूप विकत आणणं हा कमीपणा समजला जाई. चार पितळी चाकं, प्रत्येकावर शून्य ते नऊ. आकडा जुळला की दार उघडणार. तीनदा चुकला की आत बसवलेलं गजराचं घड्याळ वाजणार आणि कुलूप तासभर आवळून बसणार. चोराकडे तासभर वेळ नसतो, असं त्यामागचं शास्त्र होतं. घरच्यांकडेही कधी कधी नसतो, हे शास्त्रात आलं नव्हतं.

"अंगठ्या आतच आहेत ना?" गौरीनं विचारलं.

"दोन्ही."

गौरीचा मुलगा ईशान तेहतीस वर्षांचा होऊन एकदाचा लग्नाला तयार झाला होता. रविवारी अकरा वाजता त्याचा आणि यशश्रीचा साखरपुडा. व्हाइटफील्डमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये तीन मुलं राहत होती आणि दाराला कडी नव्हती, म्हणून अंगठ्या मामाच्या कपाटात ठेवल्या होत्या. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून.

"मग दादाला फोन लाव."

"कुठे लावू? ते बेटावर आहेत."

वासुदेवराव हॅम होते. म्हणजे घरच्या रेडिओवरून जगभरच्या अनोळखी माणसांशी हवेतून बोलणारे. या लोकांना देश आणि बेटं गोळा करायचा नाद असतो. कुठल्या बेटावरच्या माणसाशी बोलणं झालं की ते बेट वहीत जमा. पण ज्या बेटावर माणूसच राहत नाही, ते जमा कसं करायचं? मग कुणाला तरी तंबू, तारा आणि जनरेटर घेऊन तिथं जावं लागतं. अरबी समुद्रातल्या अशा एका बेटावर जायला वासुदेवरावांनी पाच कचेऱ्यांकडून तीन वर्षांत परवानगी मिळवली आणि एकाहत्तराव्या वर्षी तिघा मित्रांबरोबर कोचीहून होडीनं ते बुधवारी रवाना झाले. साखरपुड्याची तारीख परवानगी मिळाल्यावर ठरली होती.

"साखरपुड्याला मामा लागत नाही," ते जाताना म्हणाले होते. "मामा लग्नात लागतो. तिथं मी आहे."

आता मामा बेटावर, बेटावर फोन नाही, आणि जाण्यापूर्वी त्यांनी कपाटाचा आकडा बदललेला.

ईशान दुपारी चिकपेटेच्या बाजारातून कुलूपवाला घेऊन आला. कुलूपवाल्यानं चाकांना कान लावला, हळूहळू फिरवली, तीनदा चुकला आणि गजर वाजल्यावर दोन पावलं मागे सरकला. मग त्यानं चष्मा काढून पुसला.

"अक्का, हे कुणी केलं?"

"आमच्या घरच्यांनी."

"ते आले की सांगा. मी येऊन नमस्कार करून जातो." त्यानं दाराच्या कडेवर खडूनं रेघ ओढली. "आता कटरच. इथून इथपर्यंत कापावं लागेल. उद्या आठ वाजता मशीन घेऊन येतो."

शुभदाताई त्या रेघेकडे बघत राहिल्या. वडिलांनी कपाट बेळगावहून मालगाडीनं पाठवलं होतं, आत गव्हाच्या कोंड्यात मोरांबा ठेवून.

"मामी, चार आकडे म्हणजे दहा हजार कॉम्बिनेशन्स," ईशान म्हणाला. "तासाला तीन ट्राय. चारेक महिने लागतील."

"तुझ्या आईनं तेहतीस वर्षं वाट बघितली," शुभदाताई म्हणाल्या. "पण यशश्री बघणार नाही. नागराजला बोलाव."

नागराज समोरच्या घरात राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, हॅमच, आणि नियमाचे पक्के. घराणं चार पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे मराठी त्यांची आपली, कानडी मिसळलेली होती.

"अक्का, स्वल्प अडचण आहे," ते म्हणाले. "हवेत कामाचं बोलायला परवानगी नाही. यंत्राचं बोलायचं, हवेचं बोलायचं. खासगी बोलायचं तर बिनमहत्त्वाचं असलं पाहिजे."

"अंगठ्या बिनमहत्त्वाच्या?"

"हवेत तसंच म्हणायचं. सरी, बरं. दुसरी अडचण. ते बेट इथं ऐकू येत नाही."

"एवढं जवळ असून?"

"जवळ आहे म्हणूनच. आवाज वर आकाशात जातो आणि पुढे लांब जाऊन खाली उतरतो. आपल्या डोक्यावरून जातो. जपानला स्पष्ट ऐकू येतो, इटलीला ऐकू येतो. बेंगळुरूला नाही."

"लग्न झाल्यापासून तेच चाललंय," शुभदाताई म्हणाल्या. "मग इटलीला सांगा."

इटलीत नागराजांचे एक मित्र होते, लुईजी नावाचे निवृत्त पोस्टमास्तर. दोघं रोज चार वाजता हवेतून टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत. त्या दिवशी टोमॅटो बाजूला राहिले. नागराजांच्या गच्चीवरच्या खोलीत शुभदाताई, गौरी आणि ईशान दाटीवाटीनं बसले. लुईजींनी निरोप लिहून घेतला आणि ते बेटाला हाक मारायला गेले.

पाऊण तासानं परत आले तेव्हा घसा बसला होता. नागराज ऐकत ऐकत सांगू लागले.

"बेटाला एकदम हजारभर लोक हाका मारतायत. हे मधे घुसले. वासुदेवरावांनी यांना म्हटलं, फाइव्ह नाइन, थँक यू, पुढचा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आवाज छान येतोय. सगळ्यांना तेवढंच म्हणतात. वेळ नसतो. मग यांनी परत हाक मारली. तर म्हणाले, तुमचं नाव वहीत आलंय, दुसऱ्यांदा हाक मारू नका, शिस्त पाळा."

"वहिनी, दादा घरात पण असंच करतो?" गौरीनं विचारलं.

"घरात फाइव्ह नाइनसुद्धा म्हणत नाहीत."

"तिसऱ्या वेळी लुईजी नुसतंच ओरडले, तुमची बायको." नागराजांनी कानावरचा हेडफोन सरळ केला. "म्हणतात, सगळी फ्रिक्वेन्सी गप्प झाली. हजार माणसं. चाळीस वर्षांत अशी शांतता ऐकली नाही म्हणतात. सगळे नवरेच ना."

"आकडा काय म्हणाला दादा?"

"आकडा हवेत सांगता येत नाही, सगळं जग ऐकतंय. अक्कांना एवढंच सांगा म्हणाले. तारीख आहे. आधी दिवस, मग महिना. जी तारीख तुम्ही त्यांना कधी विसरू देत नाही, ती."

गौरीनं वहिनीकडे पाहिलं. "अशा किती आहेत?"

शुभदाताई मनात मोजायला लागल्या होत्या.

"एक जपानी मधेच बोलला," नागराज म्हणाले. "लग्नाची तारीख असणार म्हणून."

"ती त्यांना आठवत नाही, तर कुलूप काय लावतील."

शुभदाताईंची स्मरणशक्ती हा कॉलनीतला एक सार्वजनिक ठेवा होता. कुणाचा फ्रिज कधी आला, कुणाच्या बारशाला बासुंदी पातळ झाली, लोक त्यांनाच विचारायला येत. त्या कधी वहीत लिहून ठेवत नसत आणि कधी चुकत नसत.

साडेपाच वाजता त्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसल्या. ईशान चाकं फिरवायला.

"नऊ ऑगस्ट," त्यांनी सांगितलं. "एकोणऐंशी साल. गुंटकल स्टेशन. चहा आणतो म्हणून उतरले आणि स्टेशनातल्या वायरलेसवाल्याशी बोलत बसले. गाडी सुटली. मी आणि सामानाचे तीन डाग पुढं."

उघडलं नाही.

"तेरा मे. चौऱ्याऐंशी. माझा भाऊ बेळगावहून आला होता, रविवार. पुरण शिजत होतं. हे म्हणाले, पाच मिनिटं गच्चीवर ये, तार धर. रेडिओच्या तारेचा खांब पडला होता. दोन तास तार धरून उभी राहिले उन्हात. पुरण करपलं."

"ही मला पाठ आहे," ईशान म्हणाला. "दर दिवाळीला ऐकतो." त्यानं एक, तीन, शून्य, पाच लावलं. उघडलं नाही.

"अकरा नोव्हेंबर. यांच्या बोलण्यानं शेजारच्या कामतांच्या टीव्हीवर आडव्या रेघा आल्या. मालिकेतल्या सुनेनं विष घेतलं की नाही, ते अजून कामतवहिनींना माहीत नाही."

कपाट वाजलं.

साडेसहाला तीन तक्रारी झाल्या, साडेसातला आणखी तीन. ईशाननं पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं. मधेच त्यानं यशश्रीला मेसेज केला की लग्नानंतरच्या सगळ्या तारखा आपण कॅलेंडरवर टाकून ठेवू.

"वहिनी, दादाच्या वह्या बघायच्या का?" गौरी म्हणाली. "तो सगळं लिहून ठेवतो. एखादी तारीख मागंपुढं झाली असेल."

"मला तारखा वहीत बघायची गरज पडत नाही," शुभदाताई म्हणाल्या, आणि विषय तिथंच संपला.

रविवारी सकाळी सहाला गौरी आंघोळीला गेली. शुभदाताईंनी कपाटावरची खडूची रेघ एकदा बघितली, मग वासुदेवरावांच्या रेडिओच्या टेबलाखालून चौऱ्याऐंशीची वही काढली. निळ्या शाईतलं ठिपक्याएवढं अक्षर. मे महिना. तेरा तारखेचं पान कोरं होतं.

चौदा तारखेला, सोमवारी, एक ओळ होती. खाली लाल रेघ. पहिलं बेट, हिंदी महासागरातलं. वेळ दहा चाळीस.

त्यांना क्षणभर आशा वाटली. हे लोक ग्रीनिचची वेळ लिहितात, एवढं त्यांना संसारातून ठाऊक होतं. ग्रीनिचमुळं तारीख बदलली असेल. त्यांनी बोटांवर साडेपाच तास मिळवले. संध्याकाळचे चार दहा. चौदा तारीखच. मग हेही आठवलं, की भावाचा मुक्काम दोन दिवस होता, आणि सोमवारी यांनी पोट दुखतंय म्हणून कारखान्यातून अर्धा दिवस रजा काढली होती. एक्केचाळीस वर्षं त्या रविवार म्हणत होत्या.

पुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'तार शुभदाने धरली. दोन तास. एकदाही हलली नाही. पुरण गेले. असा खांब पुन्हा मिळणार नाही.'

शुभदाताईंनी पदरानं वहीवरची धूळ पुसली, खरं तर धूळ नव्हती, आणि वही होती तिथं ठेवली. मग त्या कपाटाकडे गेल्या. एक, चार, शून्य, पाच. दार नेहमीसारखं कुरकुरत उघडलं.

गौरी डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आली तेव्हा अंगठ्यांची डबी देवासमोर होती.

"उघडलं? कुठली तारीख?"

"सांगितलीच होती मी काल. ईशाननं चाक नीट बसवलं नव्हतं. या मुलांच्या हाताला वजन नाही. तू आधी त्या कुलूपवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणावं."

साखरपुडा वेळेवर झाला. वासुदेवराव बुधवारी परतले, नाकाची साल निघालेली, साडेपाच हजार माणसांशी बोलून आलेले. संध्याकाळी नागराज त्यांना गच्चीवर भेटले.

"आकडा सांगायला विसरलात कसे?"

"विसरलो नाही." वासुदेवरावांनी जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "घरात दोघांच्या अंगठ्या. म्हटलं, पक्का आकडा हवा. सगळ्या कॉलनीला तेरा मे पाठ आहे, चोर आला तरी तेराच लावेल. खरी तारीख चौदा. यापेक्षा सुरक्षित आकडा जगात नाही."

"मग अक्कांना सांगायचं ना."

"आठवडाभर प्रयत्न केला. रोज सकाळी ठरवायचो. पण आकडा सांगायचा म्हणजे आधी, तुझी तारीख एक्केचाळीस वर्षं चुकतेय, हे सांगावं लागणार. तेवढ्यात होडीची वेळ झाली. हवेतून निरोप दिल्यावर लक्षात आलं, ती तेराच लावणार. रात्रभर झोप नाही. उघडलं कसं, कळत नाही."

"विचारा."

"विचारलं. म्हणाली, तेरा लावली."

"पण तेरानं उघडणार नाही."

"नाही ना," वासुदेवराव म्हणाले. "पण ते मी सांगू?"

पुढच्या रविवारी ईशान आणि यशश्री जेवायला आले. पुरणपोळ्या होत्या, आणि होणारी सून पहिल्यांदाच घरी आलेली, त्यामुळे तारेची गोष्ट निघणारच होती. शुभदाताईंनी तिच्या पानात तूप वाढलं.

"चौदा मे, चौऱ्याऐंशी साल. सोमवार होता. यांनी पोट दुखतंय म्हणून रजा काढलेली..."

"मामी, तेरा ना?" ईशान म्हणाला. "मी लहानपणापासून तेरा ऐकतोय."

"तू लहान होतास. चौदाच."

"रविवार म्हणायचीस तू."

"कारखान्याच्या सोमवारी ते घरी कसे, म्हणून तर लक्षात आहे माझ्या. खा तू, गार होतेय."

यशश्रीनं मान डोलावली. तिला चौदा पाठ झाली.

वासुदेवरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो पानात ठेवला, बोटं पुसली आणि "आलोच" म्हणून आत गेले. आतल्या खोलीतून चार पितळी चाकं एकामागून एक फिरल्याचा आवाज आला.

"या वेळी नवा आकडा सांगून ठेवा," शुभदाताई इकडूनच म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात दुसरी पोळी वाढली.