शेहेचाळीस इंची नळी

डेल्मरच्या बंदुकीची नळी बेचाळीस इंच, तर आपली शेहेचाळीस इंच! केंटकीच्या त्या डोंगराळ भागात याहून सोपा हिशेब कुणी केला नसेल. व्हर्जिल कोंब्सने तो न्याहारीच्या टेबलावर केला आणि बायकोचं, ओपलचं, मत न विचारता उठला.

प्रश्न सासऱ्यांच्या शिंगाचा होता. बंदुकीची दारू ठेवायचं ते जुनं शिंग, म्हातारा गेल्यापासून, दर शरदात घरच्या माणसांत जो उत्तम नेम मारेल त्याच्याकडे वर्षभर राहायचं. घरची माणसं म्हणजे मुलगा डेल्मर आणि जावई व्हर्जिल. शिंग कायम डेल्मरच्या गळ्यात. व्हर्जिलला हे फार लागायचं, कारण चकमकीची बंदूक त्याला सासऱ्यांनीच हाताला धरून चालवायला शिकवली होती.

बंदुका घडवणाऱ्या स्टिडमने त्याला उभं करून मोजलं. "ही ठासणीची बंदूक. तोंडाकडून भरायची. जमिनीवर उभी केली की नळीचं तोंड हनुवटीशी यावं. तुम्हाला अडतीस इंच पुष्कळ झाली."

"मला हनुवटी नाही टेकवायची, डेल्मरला हरवायचंय," व्हर्जिल म्हणाला.

वर्षभराने बंदूक आली. देखणी, मेपलच्या लाकडाची. उभी केली तर नळीचं तोंड व्हर्जिलच्या टोपीला लागलं! पण हार मानेल तो व्हर्जिल कसला? बंदूक अंगणात उभी आणि स्वतः ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर, अशी त्याने उन्हाळाभर ती भरली. नेमही झकास लागू लागला.

सामन्याचं मैदान मात्र चर्चमागचं कुरण, पोळपाटासारखं सपाट. हे त्याच्या लक्षात आलं ते गोळी झाडायच्या रेषेवर, सगळ्यांच्या देखत. टाचा उंचावून भरायला गेला, तर दारू नळीत कमी आणि बाहीत जास्त गेली. आपली गोळी आधीच मारून मोकळा झालेला डेल्मर मन लावून बघत होता.

"दाजी, शिडी आणू का?"

व्हर्जिलने इकडेतिकडे पाहिलं. सामन्यानंतरच्या जेवणासाठी मांडलेल्या टेबलाखाली पत्र्याचा एक गोल डबा होता. त्याने तो ओढला, वर चढला, दारू ओतली, गोळी ठेवली, गजाने ठासली. आणि पायाखालचं झाकण खचलं. व्हर्जिल घोट्यापर्यंत ओपलच्या सफरचंदाच्या थरांच्या केकमध्ये! केक मुरावा म्हणून तिने तो दोन दिवस कुणाला हुंगूही दिला नव्हता.

सगळं कुरण हसलं. कान लाल झालेल्या व्हर्जिलने तसाच नेम धरला आणि चाप ओढला. गज नळीतच राहिला होता. तो बाणासारखा सुटला, निशाणाच्या हातभर वरून गेला आणि मागच्या झाडीत नाहीसा झाला.

ओपल आली. तिने आधी केककडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बुटाकडे, आणि बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली.

"ओपल, हा सामना आम्हा दोघांचा आहे," डेल्मर म्हणाला.

"वडील माझेही होते."

डेल्मर बाजूला सरला. व्हर्जिलपेक्षा वीतभर उंच ओपलने बंदूक उभी केली. नळीचं तोंड बरोबर तिच्या हनुवटीशी आलं. मैदानावरचा उसना गज घेऊन तिने शांतपणे ती भरली, आणि गोळी डेल्मरपेक्षा बोटभर आत, काळ्या ठिपक्याच्या मध्यावर मारली.

शिंग तिच्या गळ्यात पडलं तेव्हा व्हर्जिलचे डोळे भरून आले. त्याला खरंच आनंद झाला. त्याने डेल्मरला कोपराने ढोसलं.

"बघितलंस? शेहेचाळीस इंच! मी वर्षभर ओरडून सांगतोय."

"लांबी अगदी बरोबर निवडलीस रे," ओपल म्हणाली. "आता स्टिडमकडे जा आणि तुझ्या मापाची बंदूक घडवायला सांगून ये."