डाव्या हाताचं घर

"आमच्या बिट्टीचं पहिलं बक्षीस पक्कं," हेडक्लार्कांनी ऑफिसात जाहीर केलं. "चित्र मी स्वतः काढतोय."

त्याच संध्याकाळी शाळेचं परिपत्रक घरी आलं. कलाप्रदर्शनाचा विषय 'माझे घर'. प्रत्येकाने एक चित्र आणि एक मातीकाम द्यावे. ज्या कलाकृतीवर पालकांच्या हाताचा संशय येईल ती बाद होईल. त्यासाठी पालकहस्त तपासणी समिती नेमण्यात आली होती. समितीचा निकष साधा होता: रेघ सरळ, की पालक दोषी.

दुसऱ्या कुणी ब्रश मुलीच्या हाती दिला असता. हेडक्लार्क इतक्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी तो स्वतःच्या डाव्या हातात घेतला.

"अहो, दार सरळ आलंय," बायको खांद्यावरून म्हणाली. "बिघडवा."

"बिघडवतोय गं! मेलं परत सरळच येतंय."

"आणि सूर्याला नाक-डोळे काढा. लहान मुलांना शोभतं."

"बाबा, असं घर पहिलीतलं पोरगंही काढत नाही," बिट्टी म्हणाली.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय लहान मुलांचं!"

बिट्टी कोपऱ्यात जाऊन आपल्या मातीला लागली. ओल्या फडक्याखाली ती काय करत होती, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. "झालं की सगळ्यांनी बघायचं हं," एवढंच ती म्हणायची.

प्रदर्शनात हॉलभर वाकडी घरं टांगली होती. एकजात सगळ्या सूर्यांना नाक-डोळे होते. आणि जमलेल्या बहुतेक पालकांच्या डाव्या बाहीला रंग लागलेला होता. (तुम्ही उगाच आपली बाही बघू नका.) त्यातही हेडक्लार्कांचं घर इतकं मनापासून वाकडं होतं, की त्याला पहिल्या बक्षिसाची लाल फीत लागली.

मग समितीच्या अध्यक्षबाई बिट्टीच्या मातीकामापाशी थबकल्या. घर नव्हतंच. सोफा होता, त्यावर बाबा आडवे. तोंड उघडं, बनियन पोटावरून वर सरकलेलं, एक चप्पल पायात, एक खाली. रिमोट मात्र झोपेतही घट्ट धरलेला.

"कुणी केलं हे?"

"मी," बिट्टी म्हणाली.

"बाळ, मुलं इतकं नीट बघत नाहीत." बाई हेडक्लार्कांकडे वळल्या. "खरं सांगा. तुमचं काम ना?"

बिट्टी बाबांकडे बघत राहिली. हेडक्लार्क लाल फितीकडे बघत राहिले. माती तिची म्हणावी, तर लगेच चित्र कुणाचं हा विषय निघणार.

"हो," ते म्हणाले. "म्हणजे... जरा हात लागला खरा."

सोफा बाद झाला. नियमाप्रमाणे तो दारातल्या टेबलावर गेला आणि खाली पाटी लागली: 'पालकांच्या हस्तक्षेपाचा नमुना. कलाकार: वडील.' येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं बघितला.

"हुबेहूब हो!" एक डाव्या बाहीवाले गृहस्थ म्हणाले. "पण स्वतःचं पोट इतकं काढवलं कसं तुम्हाला?"

बक्षिसाआधी विजेत्यानं तेच चित्र स्टेजवर पुन्हा काढून दाखवायचं, अशी शाळेची पद्धत होती. बिट्टीनं खडू घेतला. तिनं फार प्रयत्न केला, पण दार सरळ आलं.

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षबाई मनानं चांगल्या. "गर्दीला बुजली पोर," म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावू. तोवर वडिलांनी घरी सराव घ्यावा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेडक्लार्क सराव घेतात. बायको खांद्यावरून सांगते, "बिघडव गं, बिघडव."

काल बिट्टीचं दार पहिल्यांदा वाकडं आलं. घरात टाळ्या वाजल्या. पंख्यानं कागद उडायला लागला, म्हणून हेडक्लार्कांनी तिच्या उरलेल्या मातीचा वाळलेला गोळा त्यावर ठेवला.