नाव, गाव आणि आज काय जेवलात

आमच्या गल्लीतल्या वामनअण्णांना फोन केला की 'हॅलो' ऐकू येत नाही. "वामन दगडू बोरुडे, कोल्हार. आज मेथीची भाजी, भाकरी. बोला." गॅसवाला असो नाहीतर चुकून लागलेला नंबर, सगळ्यांना हे ऐकावंच लागतं. आणि भर मे महिन्यातही मेथीच!

ही सवय त्यांना कंपनीने लावली. होय, कंपनी. 'घरचा आवाज कॅसेट, कोल्हार'. मालक, रेकॉर्डिस्ट, विक्रेता आणि हमाल, सगळं अण्णाच. स्टुडिओ म्हणजे मधली खोली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. घर नगर-मनमाड रस्त्याला लागून, त्यामुळे प्रत्येक गाण्यात एखादा तरी ट्रक वाजतोच. "त्यो बी कलाकारच हाय," अण्णा म्हणतात. "ड्रायव्हरचं नाव ठावं न्हाई, म्हनून छापलं न्हाई."

बाकी सगळ्यांची नावं छापली. मोठ्या कंपन्या 'आणि पार्टी' लिहून मोकळ्या व्हायच्या, तेव्हा अण्णा मागे साथ देणाऱ्या सहाही बायकांची नावं गावासकट छापत. मग फोटोला जागाच उरायची नाही. शिवाय गाण्याआधी प्रत्येकीने माइकपुढे तीन गोष्टी सांगायच्या : नाव, गाव, आज काय जेवलात. "आवाज लावायला," अण्णांचा खुलासा. "जेवनाचं सांगताना मानूस खऱ्या आवाजात बोलतो."

मी ऊसतोड बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार, बोलण्यात त्याहून जास्त. मी तापले की अण्णा रेकॉर्डरच्या आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बोट दाखवतात : "पत्रकबाई, काटा लालात गेला. मागं सरका."

पण गेल्या वर्षी प्रकरणच तापण्यासारखं होतं. पाथर्डीकडच्या कौसाबाई तरुणपणी आमच्या भागात तोडीला यायच्या. उसाच्या फडात त्यांनी एक गाणं रचलं, अण्णांनी ते कॅसेटवर भरलं. आता नातीने आजीकडून तेच गाऊन घेतलं आणि मोबाईलवरून नेटवर टाकलं. दोन दिवसांत उडालं! का? मुंबईच्या एका कंपनीने हक्क सांगितला. अण्णांच्याच कॅसेटवरून उचललेलं गाणं त्यांच्या यादीत. रचना 'पारंपरिक', गायिका 'अज्ञात'. बाई जिवंत आहे, तिला रेशनकार्ड आहे, दर निवडणुकीला तिच्या दारात उमेदवार हात जोडतो, आणि अज्ञात!

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "पुरावा द्या." मी निषेधाला सुरुवात केली. अण्णांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "वामन दगडू बोरुडे, कोल्हार. आज मेथीची भाजी, भाकरी. पुरावा पेटीत हाय. शनवारी ऐकवतो."

शनिवारी कौसाबाई नातीला घेऊन एसटीने आल्या. मूळ कॅसेट रेकॉर्डरमध्ये, कंपनीचा माणूस स्पीकरवर. खरखर. मग विशीतली एक पोरगी बोलली, "कौसा किसन, तालुका पाथर्डी. भाकर आन् ठेचा खाल्ला. गानं माझं हाय, म्याच जुळवलं."

आणि मागून दुसरा आवाज. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या काकूंचा, अण्णांच्या बायकोचा. "अहो, बंद करा ते मशीन. पोरगी जेवल्याचं खोटं बोलती. ये गं, आधी दोन घास खा, मग गा."

खटका. मग गाणं. दुसऱ्या कडव्याला ट्रक वाजला. कंपनीच्या गाण्यातही तिथेच, तोच ट्रक!

पलीकडे त्याने आपलं गाणं पुन्हा लावून पाहिलं. मग, "मॅडम, आम्ही हक्क सोडतो. नाव टाकतो."

"गावासकट," अण्णा म्हणाले.

जिंकलो! मी घोषणा दिल्या, नातीने साथ दिली. अण्णांनी काट्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही.

कौसाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "ठेचा न्हवताच त्या दिशी. सकाळधरनं पोटात काय बी न्हवतं. लाजंखातर बोलले. वैनीनं बरुबर वळखलं." मग उठल्या. "थांबा, च्या टाकते."

आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. हातात खारीचा पुडा.

"भाऊ, चूल तर गारढोन हाय. मेथी कुठंय?"

अण्णा कॅसेट गुंडाळायला लागले. कॅसेट काय गुंडाळायची असते? मी रोज फोनवर ती मेथी ऐकत होते आणि हसत होते. दुसऱ्यांच्या हक्कांवर पानंच्या पानं लिहिणारी मी, दोन घरं सोडून राहते.

कौसाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ खोटं बोलतोय. आधी दोन घास खा, मग बोल."

"मागं सरका," अण्णांचा आवाज चिरकला. "काटा लालात गेला."

रेकॉर्डर केव्हाच बंद होता. कौसाबाईंनी पिठाचा डबा शोधला, मी मिरच्या निवडायला बसले.

संध्याकाळी घरी येऊन मी मुद्दाम फोन लावला.

"वामन दगडू बोरुडे, कोल्हार. आज भाकरी आन् ठेचा." थोडं थांबून म्हणाले, "खरंच."