विमानाचा शेवटचा डबा

आमचे आप्पा आकाशात एका वेळी एकच विमान सोडत.

दुसरं विमान धावपट्टीवर कितीही फुरफुरत उभं असो, पहिलं उतरल्याशिवाय परवानगी नाही. "थांब रे भाऊ, पुढे गाडी शे." पुढे म्हणजे सुरतच्याही पलीकडे, तीस हजार फुटांवर. तरी पुढेच.

घाबरू नका, यातलं एकही विमान खरं नव्हतं. नंदुरबारला मिरचीच्या गोदामाच्या माडीवर आमची कंपनी आहे. शिकाऊ वैमानिकांना संगणकावर विमान चालवण्याचा सराव देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मुलं आपापल्या गावाहून जोडली जातात, कानाला हेडफोन लावतात आणि कंट्रोल टॉवरशी बोलतात. टॉवर म्हणजे आप्पा, सुरत-भुसावळ लाइनवर हयात घालवलेले निवृत्त स्टेशनमास्तर. आवाज भारदस्त, इंग्रजी आकडे पाठ, एवढं बघून शेठनी त्यांना ठेवून घेतलं. त्यांच्यातून रेल्वे निघाली की नाही, हे तपासायचं राहून गेलं.

हंगामात खालून मिरचीचा खकाणा चढला की टॉवर शिंकायचा. मुलं ते वादळ समजून उंची बदलत.

उतरलेलं विमानही आप्पांना लगेच पटत नसे. पडद्याजवळ जाऊन, चष्मा वर करून ते शेपटी निरखत. "शेवटना दिवा दिखना नही ते गाडी उनी नही." शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला म्हणजे मागे काही सुटून राहिलं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. विमान मध्येच तुटलं तर ते आपोआप कळतं, हे मी खूप समजावलं. शेवटी मीच हरले आणि शेपटीला एक लाल दिवा बसवून दिला. तो दिसला की ते वहीत वेळ लिहीत आणि म्हणत, "लाइन क्लियर."

माणसांनाही हाच कायदा. संध्याकाळी मी स्कूटीवर माझ्या गावी, प्रकाशाला, निघाले की, "घर पोहचनी का फोन कर बेटा." एकदा मी विसरले. शेठना त्याच रस्त्याने जायचं होतं, तर आप्पांनी त्यांना अर्धा तास जिन्यात अडवून धरलं.

मग एका मोठ्या प्रशिक्षण संस्थेची अकरा मुलं पहिल्याच दिवशी दोन तास धावपट्टीवर बसून राहिली. शेठनी ठरवलं, सोमवारपासून आप्पांच्या जागी संगणकाचा आवाज. आप्पांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो आवाज मीच बसवला होता.

मी सांगितलं तेव्हा आप्पा वहीत रेघा मारत होते.

"तो आवाज दिवा देखी का?"

"नाही, आप्पा."

"मंग पोरं उतरनात हाई त्याले कशी समजी?"

त्यांनी वही मिटली, टोपी घातली. "ठीक शे. तू निंघ. पोहचनी का फोन कर."

मला स्वतःची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही घरी पोहोचलात की कोणाला सांगता?"

"कोनले सांगू? तुन्ही काकू व्हती तवय वट्टावर दिवा लाईसन बशी ऱ्हाये."

काकू जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे चार वर्षं हा माणूस आम्हा सगळ्यांना पोहोचवत होता, आणि स्वतः स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला उभा होता.

"आज मला फोन करा," मी म्हटलं. "तोवर मी स्कूटी सुरू करणार नाही."

आप्पा जिना उतरले. त्यांचं घर दहा मिनिटांवर. मी गोदामाच्या दारात शिंकत उभी राहिले. बाविसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"पोहचनू बेटा." मग, "वट्टावर दिवा मीच लावा."

"लाइन क्लियर, आप्पा." मी नाक ओढलं. मिरची फार उडतेय, असं मी त्यांना सांगितलं.

आता रोज फोन येतो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी येतो. मी कितीही कामात असले तरी उचलते, कारण मी लाइन क्लियर म्हणेपर्यंत ते हातातली जुडी खाली ठेवत नाहीत.