कापशीने नाकारलेलं स्थळ

एका जंगलात, पोरांनो, सशांच्या मुलींना वाचनाचं वेड लागलं. साधंसुधं वाचन नव्हे हो, जाडजूड प्रेमकादंबऱ्या! त्यातली सगळ्यात वेडी कापशी.

त्या कादंबऱ्यांतला नायक केस विंचरत नाही. हसत तर मुळीच नाही. नायिका दिसली की म्हणतो, "माझ्यापासून दूर राहा." ती लगेच जवळ जाते. मग दोघं तीनशे पानं गैरसमज करून घेतात. एकाने तोंड उघडून सरळ विचारलं असतं, तर दहाव्या पानावर अक्षता पडल्या असत्या. पण मग रडायचं कधी?

कापशी मनसोक्त रडायची. तिची दुर्वाआत्या करवादायची, "जळली मेली ती पुस्तकं! पोरींची डोकी फिरवतात."

"आत्या, तू वाचलंस का एक तरी?"

"वाचायला कशाला हवं? वरचं चित्र बघितलं ना. दोघं भिजतायत आणि छत्री एकालाही सुचत नाही."

अशात कापशीला स्थळ आलं. कोल्ह्याचं! आत्याने चौकशी केली. कुणाकडे? कोल्ह्याकडेच. तो म्हणाला, "मांस सोडून वर्ष झालं, आत्याबाई." आत्याला पटलं. इतक्या नम्रपणे कोण खोटं बोलतं?

बघण्याचा कार्यक्रम ठरला. कोल्हा छान भांग पाडून आला. आत्याच्या पाया पडला. पोहे दोनदा मागून घेतले. कापशीकडे बघून गोड हसला.

कापशीने त्याला लगेच ओळखलं. कादंबरीत असा एक असतोच. भांगवाला, हसरा, घरच्यांना पसंत. दीडशेव्या पानावर त्याला सोडायचं असतं.

"आत्या, मला हा नको."

"का गं? काय कमी आहे?"

"त्याच्या डोळ्यांत जुनं दुःख नाही."

"दुःख काय चाटायचंय? अगं, किती प्रेमाने बघत होता! लाळसुद्धा गळत होती बिचाऱ्याची."

"एकदा तरी 'दूर राहा' म्हणाला का? उलट सारखं आपलं 'जवळ बसा, जवळ बसा'!"

एवढं बोलून कापशी बिळात शिरली, ती बाहेर येईना.

मुलगी बघून झाली की मुलाचं घर बघायचं, अशी तिथली रीत. आत्या म्हणाली, "मीच जाऊन बघते. घराचं वर्णन ऐकल्यावर कशी नाही म्हणते बघू." आणि गेली एकटीच.

तासाभराने धापा टाकत परत आली. शेपूट मात्र आलं नाही. ते कोल्ह्याच्या दातांत राहिलं होतं.

सगळी वस्ती गोळा झाली. कापशी हळद घेऊन धावली. "आत्या, मी सांगत होते ना..."

"गप्प बस!" आत्या कडाडली. "तुझ्या त्या पुस्तकांनीच घात केला माझा. तू मुकाट्याने हो म्हणाली असतीस, तर मला जावं लागलं असतं का तिथं?"

वस्तीतल्या साऱ्या आत्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य: मुलींच्या हाती प्रेमकादंबऱ्या देऊ नयेत. त्या वाचून मुली भलत्याच कारणासाठी नकार देतात आणि धडधाकट राहतात. मग मोठ्यांच्या अनुभवाला विचारणार कोण?