पिवळ्या घरापासून शंभर मीटर

एवेलियो किरोसने पहिलं प्रवासवर्णन लिहिलं तेव्हा तो कुठेच गेलेला नव्हता. म्हणून त्याने आपल्याच गावावर लिहिलं आणि राजधानी सान होसेच्या एका पेपराला धाडून दिलं. त्यात न्हावी डॉन कुस्तोदियोंचं घर होतं: इतकं पिवळं, की शेजारचा कोंबडा दिवसभर पहाटच समजून आरवतो.

लेख छापून आला. गाव पोट धरून हसलं. डॉन कुस्तोदियो मात्र हसले नाहीत, त्यांनी घर पांढरंफेक करून टाकलं.

पंचाईत अशी, की गावात रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत. सगळे पत्ते पिवळ्या घरापासून मोजायचे. ते गेलं आणि गावच हरवलं. पाववाला भलत्याच गल्लीत पाव टाकू लागला. नव्या पाद्रीबाबांनी मरणाला टेकलेल्या म्हातारीऐवजी दुपारी झोपलेल्या डॉन एलादियोंच्या कपाळाला मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं तेल लावलं. जाग आल्यापासून डॉन एलादियो स्वतःच्या मृत्युपत्राचं विचारताहेत.

अशात शनिवारी सकाळी वाण्याकडे फोन आला. पेपराचे संपादक एवेलियोला भेटायला निघाले होते. नोकरीच असणार, नाहीतर त्याला सोमवारपासून मामाच्या कॉफीच्या मळ्यात राबायचं होतं. फोन त्याच्या आईने घेतला, सवयीने पत्ता सांगितला, "पिवळ्या घरापासून शंभर मीटर दक्षिणेला," आणि फोन ठेवल्यावर कपाळावर हात मारला.

"जा, पाय धर त्या न्हाव्याचे," ती म्हणाली.

डॉन कुस्तोदियोंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिवळ्या रंगाचा डबा पुढे केला.

दुपारी एवेलियो शिडीवर असताना घामाघूम झालेला एक शहरी माणूस खाली येऊन थांबला. "पिवळं घर कुठंय हो? तासभर झाला, ज्याला विचारावं तो वेगळीकडेच हात दाखवतो. 'माहीत नाही' असं एकजण म्हणेल तर शपथ."

"हेच ते. अर्धं झालंय," एवेलियो म्हणाला. "आणि किरोस मीच."

संपादक पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "मला वाटलं, तू सगळ्या थापा मारल्यास. तेच सुनावायला आलो होतो. पण घर खरंच आहे की! सोमवारी कामावर ये."

एवेलियोला शिडीवरच नाचावंसं वाटलं. तो उतरू लागला, पण शिडी डॉन कुस्तोदियोंनी खालून अडवून धरली होती. दुसऱ्या हातात लेखाचं कात्रण होतं.

"कसा येईल?" ते संपादकांना म्हणाले. "तुम्हीच छापलंय, घर इतकं पिवळं की कोंबडा दिवसभर आरवतो म्हणून. येतोय ऐकू?"

संपादकांनी कान दिला. कोंबडा कुंपणावर गप्प बसला होता.

एवेलियो पुन्हा वर चढला आणि रंगाचा दुसरा हात द्यायला लागला.