श्रावणजींचे चौदा तास

नागपूरहून पुण्याला विमानाने चौदा तास लागतात, असे सांगणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझ्याच शेजारी राहतो. श्रावणजी, नागपूरच्या नंदनवन वस्तीतले शिंपी. दुकानासमोर कोणी ‘सव्वा तास’ म्हटले की हा माणूस कैची खाली ठेवतो आणि टेबलावर खडूने बेरीज मांडतो.

“घरून विमानतळ एक तास. दोन तास आधी जाऊन बसा. बेल्ट काढा, बेल्ट घाला. तिकडं उतरले, तर बॅगा फिरून राहिल्या, तुमी पाहून राहिले. मंग पुण्याची गर्दी. आन आदल्या रात्री झोप लागत नाई, ते काहून नाई धरत गा?”

पुण्याच्या बसला चौदा तास लागतात. विमानाची बेरीजही चौदावर पोहोचेपर्यंत याचा खडू थांबत नाही. एकदा अर्धा तास कमी पडला, तो ‘कान मोकळे व्हाले’ म्हणून लावला.

माझे डोके फिरते. मी चौथी शिकलो, कामठीला तीस वर्षे मागावर उभा राहिलो, पण खोटी बेरीज मला खपत नाही.

“विमानात बसले का कधी तुमी?” मी एकदा विचारले.

“तुमी बसले का?”

बसलो नव्हतो. तेच जास्त झोंबले.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला विमानाने पुण्याला गेलो. लग्नासाठी कमी, श्रावणजींसाठी जास्त. घराला कुलूप लावताना घड्याळ पाहिले, पुतण्याच्या दारात चप्पल काढताना पाहिले. परत आल्यावर पिशवीसकट त्याच्या दुकानात शिरलो.

“सहा तास. दारापासून दारापर्यंत. आता पुसा ते चौदा.”

वाटले, भांडेल. तो मशीनवरून उठलाही नाही.

“पक्के सहा?”

“पक्के.”

“म्हंजे सकाळी नऊले निघालेला माणूस तीनले पोहोचते.”

“पोहोचतेच.”

“ते संध्याकाळी सातले गेली,” तो म्हणाला.

त्याची बायको पुण्याला मुलीकडे असताना वारली, एवढे मला ठाऊक होते. पुढचे नव्हते.

“सकाळी आठले पोरीचा फोन आला, मायले अटॅक आला म्हणून. म्या बस धरली. दुसरं सुचलंच नाई. दिवसभर इचारत होती म्हणे, बाबा कुठवर आले. मी जालन्यापाशी होतो.”

मी आयुष्यात शब्द मागे घेतलेला नाही. मालकासमोर नाही, घरात तर नाहीच. स्वतःचाच इतका राग आला की मी त्याच्यावर खेकसलो.

“पुरतं ऐकून तर घ्या. सकाळच्या विमानात जागाच नव्हती. दिवसभर तिथं बाकड्यावर बसून काढला. ते धरलंच नाई म्या.”

त्याने खडू उचलला.

“मंग किती झाले?”

“पंधरा,” मी म्हणालो. “तुमी एक तास कमीच धरता.”